तळहातावर तोललेली एसएसडी

ही गोष्ट मी इतकी वर्षं लिहिली नाही, त्याचं कारण अगदी घरगुती आहे. माझं लिहिलेलं सगळं सूनबाई टाइप करते. मी कागदावर शाईनं लिहितो, ती ते कॉम्प्युटरवर उतरवते, माझे ऱ्हस्वदीर्घ गुपचूप सुधारते आणि वर मलाच, सासऱ्याला, म्हणते, "मामाजी, यावेळी चुका कमी होत्या." आता जिचा गुन्हा केला, तिच्याच हातात कबुलीजबाब टाइप करायला द्यायचा, हे मला जमलं नाही. दोन वेळा लिहिला. दोन्ही वेळा कागद अंघोळीच्या बंबात गेले. पाणी छान तापलं, एवढाच फायदा झाला.

म्हणून यंदा मी स्वतः टाइप करायला शिकलो. एका बोटानं. एक अक्षर सापडेपर्यंत लाज वाटते, पुढचं सापडेपर्यंत ती ओसरते. कबुलीजबाबासाठी हा वेग फार सोयीचा आहे. ती शिवणाच्या वर्गाला किंवा बाजारात गेली की मी कॉम्प्युटरपुढे बसतो आणि फाटकाचा आवाज आला की पडद्यावर पत्त्यांचा डाव उघडतो. घरात सगळ्यांचा समज असा, की म्हातारा पत्त्यांच्या नादी लागला. तो मी होऊ दिला आहे.

मी आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाचा अडत्या होतो. आमच्या धंद्यात डोळ्यांपेक्षा हाताला मान. गाडी आली की मी कापसात कोपरापर्यंत हात घालायचो, आतली मूठभर काढायचो, दाबायचो, सोडायचो आणि तळहातावर तोलायचो. ओल किती, सरकी किती, किडकी कवडी किती, सगळं सांगायचो. वांकिडीकडचे शेतकरी म्हणायचे, "शेठच्या हातात तराजू हाय." पुढे ओल मोजायचं यंत्र आलं. त्याचा आकडा माझ्या हाताशी जुळला तर मी यंत्राला शाबासकी द्यायचो, नाही जुळला तर ते दुरुस्तीला पाठवा म्हणायचो.

एकदा एका गाडीत मधोमध ओला कापूस लागला आणि त्याच्याखाली चांगला भाकरीएवढा दगड. मी तो दगड डोक्यावर धरून यार्डभर मिरवला. लोक हसले, गाडीचा मालक मान खाली घालून गाडी वळवून गेला. ही हकीकत मी पुढे प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्यालासुद्धा सांगितली आहे. वाचकांनी त्या दगडाची आठवण ठेवावी. तो पुन्हा येणार आहे.

धंदा सोडला, पण हात माझ्याबरोबर घरी आला. आमच्या घराचा रिवाजच पडून गेला, की कुठलीही वस्तू माझ्या तळहातावरून गेल्याशिवाय आत यायची नाही. कुकर, पंखा, चादर, कुलूप. जड ते टिकाऊ, हलकं ते फसवं. एवढं साधं शास्त्र. बायको पाहुण्यांना सांगते, "मले पाहाले आले तवा यायनं पोह्याची बशी हातावर तोलली होती. जड लागली म्हून होकार देल्ला. मी तं बशीच्या जिवावर या घरात आली."

सूनबाई नदीपलीकडची, पांढरकवड्याची. आली ती मराठी टायपिंग शिकूनच आली. आमच्या गावात तेलुगू आणि इंग्रजी छापणारे पुष्कळ, पण लग्नाची पत्रिका शुद्ध मराठीत, सगळ्या मामा-मावश्यांची नावं मानपानासकट लावून देणारं माणूस सापडणं कठीण. तिच्याकडे कामं यायला लागली. मावला वस्तीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर, आणि दारात पत्रिकेचे मसुदे घेऊन बसलेले वरबाप. पण घरात तिचं म्हणणं किती चालायचं, तर काहीच नाही. तिच्या माहेरून आलेला मिक्सरसुद्धा मी उचलून "चालंल" म्हटल्यावर ओट्यावर चढला. इतक्या वर्षांत एक चमचाही तिनं स्वतः निवडून आणलेला नव्हता.

कॉम्प्युटर जुना होता. बटन दाबलं की आतून पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू व्हायची. बायको बटन दाबून कुकर लावायची. भात आधी शिजायचा. पत्रिकेतला एक फोटो उघडायचा म्हटलं तर समोरचा वरबाप पेंगायला लागे. शेवटी मुलानं चौकशी केली आणि कळलं, की यंत्र बदलायची गरज नाही. आतली फिरणारी डिस्क काढून तिथं एसएसडी नावाची न फिरणारी डिस्क घातली, तर तेच यंत्र पळायला लागतं.

मी लगेच हात चोळले. नवी वस्तू येणार होती.

मुलगा म्हणाला, "बाबा, मशीन तिची, काम तिचं. यावेळी ती निवडंल. आपण मधात पडाचं नाई."

"मी कुठी मधात पडून राह्यलो?" मी म्हणालो. "मी फक्त हातात घेऊन पाहीन."

"हातात बी नाई."

बायकोनं भाजी चिरता चिरता अट घातली. "निवडू दे. जमलं तं फ्रिज बी तिलेच आनाले लावू. नाई जमलं तं मंग हायच तुहे बाबा."

त्यावर सूनबाईचा चेहरा मी पाहिला. फ्रिजची बोलणी घरात बरेच दिवस चालली होती, आणि कुठला घ्यावा हे तिच्या मनात होतं. एवढ्याशा डिस्कवर तिचा फ्रिज, आणि फ्रिजच्या मागे या घरातला तिचा शब्द, असं सगळं टांगलेलं होतं. हे मला त्या क्षणी नीट कळलं होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही. कळलंच होतं.

मग तिनं अभ्यास सुरू केला. मुलीच्या लग्नासाठी स्थळं पाहावीत तसा. पोळ्या लाटता लाटता मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ पाहायची. आधी तिनं हे शोधून काढलं, की सगळ्यात वेगवान म्हणतात ती चपटी, पट्टीसारखी एसएसडी आमच्या जुन्या यंत्रात बसणारच नाही, तिला खाचच नाही. म्हणजे वायरवर लागणारी चौकोनी डबीच घ्यावी लागणार. मग जागा किती हवी ते पाहिलं. पत्रिका आणि फोटो मिळून पाचशे जीबीच्या आतबाहेर पुरे, उगाच मोठीच्या मागे लागायचं नाही. मग ती वॉरंटी वाचायला लागली, आणि डिस्क किती लिहिणं सोसेल असं कंपनी म्हणते तेही.

एकदा बायकोनं विचारलं, "सारख्याच तं दिसतेत सगळ्या. एवढं काय पायतं?"

ती म्हणाली, "आई, आत बारीक बारीक खोल्या असतात. काही कंपन्या एका खोलीत तीन बिऱ्हाडं ठेवतात, काही चार कोंबतात. चारवाली स्वस्त पडते. पण सामान हलवायला वेळ लागतो, अन् खोली लवकर झिजते."

बायको म्हणाली, "हाव ना. आमच्या सासरी एका खोलीत तीन जावा होत्या. चवथी आली अन् भिंत पडली."

दोघी खळखळून हसल्या. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. खरं सांगायचं तर मला त्या हसण्याचा राग आला. माझ्या घरात एक वस्तू येणार होती, तिच्या आतल्या खोल्यांपर्यंत चर्चा चालली होती, आणि माझ्या तळहाताला कोणी विचारत नव्हतं.

तिनं एक नक्की केली. नावाजलेल्या कंपनीची, तीन बिऱ्हाडांची, बेताच्या किमतीची, लांब वॉरंटीची. बसस्टँडजवळच्या दुकानदाराला फोन करून बाजूला ठेवायला सांगितली. तो जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवून, बसवून देणार होता. त्या दिवशी मुलाला सुट्टी नव्हती, तिच्या दारात दोन वरबाप होते. म्हणून यंत्राचा डबा ऑटोत घालून न्यायचं काम माझ्याकडे आलं.

निघताना ती म्हणाली, "मामाजी, मी सगळं सांगून ठेवलं हाय. तुमी फक्त बसून राहाजा, अन् घेऊन याजा."

"म्हंजे मी हमाल," मी म्हणालो.

"हमाल काऊन? राखणदार," ती म्हणाली.

दुकानदार तरुण माणूस, सगळ्यांशी हिंदीत बोलणारा. त्यानं सूनबाईनं सांगितलेली डबी काढून माझ्या हातावर ठेवली. आणि मी दचकलो. हातावर काही ठेवलंय असं वाटेना. रिकामी काडेपेटी जड असेल. मी तळहात वर-खाली केला. मूठ केली, सोडली. माझ्या आयुष्यात एवढा हलका माल एकदाच हातात आला होता, आणि तो कीड लागलेला निघाला होता.

"इसमें कुछ है भी?" मी विचारलं.

"चाचा, इसके अंदर कुछ घूमता नइं. इसलिए हल्का है."

"घूमता नइं तो पैसे काय के?"

तो हसला. मी काचेच्या पेटीत वाकून पाहिलं. तिथं दुसरी एक पडलेली होती. कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं. डबीवर सोनेरी अक्षरं, जागा सूनबाईच्या डिस्कच्या चौपट, आणि किंमत तिच्याहून कमी. मी ती मागून घेतली. आणि काय सांगू! हाताला भरली. छान, ठोस, भिजल्या सरकीसारखी. उजव्या हातात ही, डाव्या हातात ती, असा मी दुकानात उभा राहिलो. माझे दोन्ही हात एकच गोष्ट सांगत होते.

दुकानदार म्हणाला, "चाचा, वो मत लो. वो मांगने वालों के वास्ते रखा हूं. उसका जिम्मा मैं नइं लेता."

हे वाक्य त्यानं स्पष्ट म्हटलं, आणि मी स्पष्ट ऐकलं. नंतर अनेक वर्षं मी स्वतःला समजावायचा प्रयत्न केला, की तो पुटपुटला होता, रस्त्यावर ट्रकचा आवाज होता. ट्रक नव्हता.

"यही बिठाव," मी म्हणालो. "जिम्मा मेरा."

घरी आलो. यंत्राचा डबा बंद, त्यावर दुकानदाराचं चिकटवलेलं लेबल. डिस्कचं खोकं मी दुकानातच टाकून आलो होतो. संध्याकाळी मुलानं वायरी जोडल्या. बटन दाबलं, आणि बायको कुकरला हात घालेपर्यंत पडदा उजळलासुद्धा. घरात टाळ्या झाल्या. सूनबाईनं मात्र काहीतरी उघडून पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"मामाजी, ही तं लय मोठी दाखवून राह्यली."

मी वाटेतच उत्तर घोटून ठेवलं होतं. "आफर होती म्हने. तेवढ्यात मोठी देल्ली."

"कंपनी तीच ना?"

"तीच," मी म्हणालो.

एवढंच. आयुष्यभर शेतकऱ्यांशी घासाघीस करताना मी यापेक्षा लांब खोटं बोललो आहे, पण हे दोन अक्षरांचं जितकं जड गेलं तितकं एकही गेलं नाही. सासऱ्याच्या शब्दावर ती पुढे काय विचारणार? उलट तिनं आत जाऊन सासूला सांगितलं, "आई, मी निवडली तीच हाय. मोठी भेटली." माझ्या मालाला ती स्वतः जामीन राहिली.

पुढचे काही महिने मी फार सुखात होतो. यंत्र पळत होतं. सूनबाईचं कौतुक होत होतं, आणि मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात ते कौतुक स्वतःकडे वळवून घेत होतो. कोणी म्हणालं, "सूनबाईनं काय नामी वस्तू आणली," की माझा तळहात खाजायचा. सांगून टाकावं असं फार वाटायचं. लाज वाटून नव्हे. बढाई म्हणून. त्या वेळी बढाई मारली असती तरी आज हे लिहायची पाळी आली नसती.

लग्नसराई आली. एवढी जागा मिळाली म्हणून तिनं सगळं त्यातच भरायला सुरुवात केली. पत्रिका, लोकांचे फोटो, आणि मराठी शाळेतल्या मुलांच्या कवितांचं एक छोटं पुस्तक, जे ती हौसेनं करून देत होती. कवितांचे कागद मुलं परत घेऊन गेली होती.

एके दुपारी एक वरबाप आला. कार्यालय बदललं, पत्रिकेत दुरुस्ती हवी. तिनं फाईल उघडली. उघडेना. दुसरी उघडली. तीही नाही. नावं सगळी जागच्या जागी, ओळीनं, व्यवस्थित. आत काही नाही. पोत्यांवर शेतकऱ्यांची नावं लिहिलेली असावीत आणि पोती वाऱ्यावर हलावीत, तसं. संध्याकाळपर्यंत यंत्रच उभं राहीना. जुनी डिस्क तिनं कापडात गुंडाळून कपाटात ठेवली होती, म्हणून मागचं काम वाचलं. नवीवर चढवलेलं सगळं गेलं.

घरात जी बोलणी झाली ती मी जशीच्या तशी देतो.

बायको म्हणाली, "अभ्यास करू करू आनली, अन् हे असं. त्यापेक्षा तुया मामाजीनं नुसती हातात धरली असती तं कळलं असतं."

मुलगा म्हणाला, "जाऊ दे आई. होते. पुढच्या टाइमाले बाबा पाहून घेतीन."

सूनबाई एवढंच म्हणाली, "मी नीट पाह्यलं होतं."

तिनं ते कोणाकडे पाहून म्हटलं नाही. आणि मी? मी चहात बिस्किट बुडवत होतो. ते बिस्किट तुटून कपात पडलं तरी मी वर पाहिलं नाही. मला लाज वाटली हे खरं. पण त्याच्या शेजारीच, अगदी खेटून, मला बरंही वाटलं. माझा हात पुन्हा नोकरीवर रुजू झाला होता.

पत्रिका तिनं पुन्हा केल्या. कवितांसाठी ती मुलांच्या घरोघर फिरली. काहींना आपले कागद सापडले, काहींनी तिथल्या तिथे नव्या कविता करून दिल्या. त्या जुन्यांपेक्षा फार वाईट होत्या. एका मुलानं तर "माझी शेळी"च्या जागी "आमचा वायफाय" लिहून दिली. ती तिनं छापली.

बिघडलेली डिस्क परत द्यायला यंत्राचा बंद डबा घेऊन मी स्वतः गेलो. दुसऱ्या कोणाला जाऊच दिलं नाही, हे उघड आहे. दुकानदारानं डिस्क बाहेर काढली, पेचकस घेतला आणि डबी उघडली. आत नखाएवढा हिरवा तुकडा होता. आणि त्याच्या बाजूला, डिंकानं चिकटवलेली, चांगली जाडजूड लोखंडाची पट्टी.

मी ती हातात घेतली. ओळखीचं वजन. दुकानात मी ज्याच्यावर भाळलो होतो ते हेच.

"ये काय के वास्ते?" मी विचारलं, जरी मला समजलं होतं.

"आपके वास्ते, चाचा," तो म्हणाला. "उतनी जगह अंदर थीच नइं. लिखा ज्यादा, रखा कम. भर गया तो पुराने पे नया लिखते गया. लेकिन वजन तो पूरा मिला ना!"

तो हसला, मीही हसलो. काय करणार? डोळ्यांपुढे तो यार्डातला भाकरीएवढा दगड आला. आयुष्यभर ज्याची गोष्ट सांगून मी लोकांना पोट धरून हसवलं, तोच दगड माझ्या गाडीत कोणीतरी भरला होता, आणि मी तो निवडून, पैसे देऊन, ऑटोत मांडीवर घेऊन घरी आणला होता. फरक एवढाच, की मान खाली घालून गाडी वळवायची पाळी सूनबाईवर आली. त्यानंतर ती हकीकत मी कुठल्याही लग्नात सांगितली नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची स्मरणशक्ती गेली.

आता पुढचं सांगतो, ते आधीच्यापेक्षा वाईट आहे.

यंत्र तर सुरू करायचं होतं. घरानं एकमतानं ठरवलं होतं, की आता बाबाच निवडतील. मी दुकानदाराला म्हणालो, "वो पहले वाली निकालो. हल्की." त्यानं ती हलकी डबी माझ्या हातावर ठेवताना दोन्ही हातांनी ठेवली, जणू हात मोडेल. ती यंत्रात बसवून, तिचं रिकामं खोकं हातात घेऊन मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "घे. ही माह्या पसंतीची."

बायको प्रसन्न झाली. मुलगा म्हणाला, "पाह्यलं? अनुभव म्हंते त्याले." सूनबाईनं ते रिकामं खोकं हातात घेतलं. उलटंपालटं केलं. नाव वाचलं. बाजूचे आकडे वाचले. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. चहा उतू जातोय का हे पाहायला जेवढं पाहतात तेवढंच.

"चांगली निवडली, मामाजी," ती म्हणाली.

तिला तेव्हाच कळलं का? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, आणि तिनं कधी सांगितलं नाही. त्या घडीला माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, एवढं मात्र आठवतं.

फ्रिज मग मीच घेतला. फ्रिज तळहातावर येत नाही, म्हणून मी त्याला खांद्यानं ढकलून पाहिलं. जो हलला नाही तो घेतला. घरी आल्यावर कळलं, की त्याचं दार भिंतीकडे उघडतं. आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दार अर्धंच उघडतं आणि दूध काढायला आत तिरकं शिरावं लागतं. तिनं मनात धरलेला फ्रिज दुसऱ्या बाजूला उघडणारा होता. तिनं कोपरा मोजून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. रोज सकाळी ती अंग चोरून त्या दारात हात घालते आणि मी रोज सकाळी पेपर वर धरतो.

लोखंडाची पट्टी मी टाकली नाही. माझ्या लिहिण्याच्या कागदांवर वजन म्हणून ठेवली. टाइप करायला कागद नेताना सूनबाई दर वेळी ती उचलून बाजूला ठेवते. एकदा तिनं विचारलं, "मामाजी, हे काय हाय?"

"जुन्या तराजूचा तुकडा," मी म्हणालो. हेही खोटंच, पण याच्यात थोडं खरं मिसळलेलं होतं.

"जड हाय," ती म्हणाली, आणि कागद घेऊन गेली.

माफी मागायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा बाजारात टोमॅटो घेताना मी भाजीवालीला म्हणालो, "थांब, आमच्या सूनबाईले विचारू दे." बायकोनं घरी येऊन मुलाला सांगितलं, "तुया बाबाले डाक्टरले दाखव." एकदा संक्रांतीला तिळगूळ हातात देताना धीर करून मी म्हणालो, "सूनबाई, माहं काही चुकलं असंल तं..."

ती म्हणाली, "तुमचं काय चुकन मामाजी? तुमच्या हाताले तं सगळंच कळते."

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. टोमणा होता की मान होता? तिळाचा लाडू तोंडात घातला आणि दातात अडकला. माझ्या बाजूनं तेवढ्यावरच बोलणी संपली.

मग एकदा ठरवून, ती काम करत असताना मी तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो. घरात दुसरं कोणी नव्हतं. ती त्याच यंत्रावर, त्याच हलक्या डिस्कवर, कोणाच्या तरी मुलीची पत्रिका करत होती. इतकी वर्षं झाली, ती डिस्क एकदाही रुसली नाही. घरात तिला अजून "बाबांनी आणलेली" म्हणतात. मी खाकरलो. ती वळून म्हणाली, "काय पाह्यजे, मामाजी?" मी म्हणालो, "चहा." मला चहा नको होता. तो मी प्यायलो.

हे लिखाण दिवाळी अंकात जाईल. छापून आलं की सूनबाई वाचेलच, ती माझं सगळं वाचते. पण छापून मागितलेली माफी म्हणजे शेजारच्या घरी पोस्टानं पाठवलेलं जेवणाचं आवतण. पोचतं, पण त्याला तोंड नसतं. म्हणून अंक यायच्या आधी तोंडानं बोलायचं, असं मी या लेखाची पहिली ओळ टाइप करतानाच ठरवलं होतं.

काल इथपर्यंत आलो होतो आणि फाटक वाजलं. मी पत्ते उघडायला गेलो, पण एका बोटाला घाई जमत नाही. ती आत आली, पिशवी खाली ठेवली आणि पडद्याकडे पाहिलं. अक्षरं बारीक होती, आणि ती लांब उभी होती. तिनं काय वाचलं, काही वाचलं का, सांगता येत नाही.

"मामाजी, तुमी टाइप करून राह्यले? आन् मले सांगतलं बी नाई? आना, मी करून देते."

"नाई व," मी म्हणालो. "हे माह्यं मलेच करू दे."

तिनं पिशवी उचलली. मग स्वयंपाकघरात गेली. फ्रिजचं दार भिंतीला लागल्याचा आवाज आला, आणि तिरकं शिरून दूध काढताना तिच्या बांगड्या दारावर वाजल्या. मी खुर्चीतून उठलो. दारापर्यंत गेलो. सगळं वाक्य जिभेवर तयार होतं, घोटून घोटून गुळगुळीत झालेलं. तिनं वळून पाहिलं, दुधाचं पातेलं हातात घेऊन. मी म्हणालो, "साखर कमी टाकजो," आणि परत येऊन बसलो. ते वाक्य असं होतं:

"सूनबाई, तुई हलकी डबी मी दुकानात ठेवून आलो होतो, जड मी आनली, अन् नंतर तुईच आनून माही म्हनून सांगतली. तू नीटच पाह्यलं होतं. हा फ्रिज बी तूच आनाचा होता. मले माफ कर व."